अंधारात वाढवलेला गहू, दोन ट्रे, आणि एकच ट्रे पटकन हिरवा का झाला?

पिवळीपात

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी बॉटनी दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय साधाच घेतलाय, अंधारात उगवलेल्या गव्हाच्या पानांना उजेड दाखवला की क्लोरोफिल किती वेळात किती तयार होतं ते मोजायचं. साधा साधा म्हणता डोकं धरून बसायची वेळ आलीय म्हणून इथे लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

केलं असं की गहू रात्रभर भिजवला आणि दोन ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटवर पेरला, एकाच पिशवीतला गहू, एकाच दिवशी. ट्रे अ लॅबमधल्या लोखंडी कपाटात ठेवला, त्याच्या फटींना काळा कागद लावला. कपाटात एकच मावत होता म्हणून ट्रे ब जुन्या फोटो डार्करूममध्ये ठेवला, तिथे आता कोणी जात नाही. आठव्या दिवशी दोन्हीकडे वीतभर लांब, मऊ, पिवळीधमक रोपं. सकाळी आठला दोन्ही ट्रे एकाच ट्यूबलाईटखाली आणले आणि दर अर्ध्या तासाने पानं कापून ८० टक्के ॲसिटोनमध्ये खलून रीडिंग घेतली, ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरचा उजेड किती शोषला जातो त्याची, आणि त्यावरून क्लोरोफिल काढायला नेहमीचा अर्नॉनचा फॉर्म्युला.

आता गंमत बघा. ट्रे ब मध्ये उजेडानंतरच्या पहिल्या रीडिंगला थोडंसं क्लोरोफिल दिसलं आणि मग जवळजवळ अडीच तास काहीच नाही, आकडा हलतच नाही, आणि त्यानंतर एकदम चढायला लागला. पुस्तकात हेच दिलंय, याला लॅग फेज म्हणतात. पण ट्रे अ मध्ये लॅगच नाही! उजेडात आणल्यापासून सरळ चढतोय. आणि अजून एक, उजेडात आणायच्या आधीच, म्हणजे शून्य तासाला, ट्रे अ च्या पानांमध्ये थोडंसं क्लोरोफिल होतं. अंधारात गव्हाला क्लोरोफिल करताच येत नाही ना, मग हे आलं कुठून?

गाईडचं म्हणणं कपाटात फट राहिली असणार, ट्रे अ टाकून दे आणि पुन्हा कर. पण मी रात्री कपाटात डोकं घालून दार लावून बघितलं हो, पाच मिनिटं डोळे सरावू दिले तरी कणभर उजेड नाही. टाकून द्यायला मन होत नाहीये. आणि मुळात मला हे नीट कळलेलंच नाही की उजेड नक्की कुठल्या एन्झाइमवर काय करतो. पुस्तकात 'उजेडामुळे प्रोटोक्लोरोफिलाइडचं क्लोरोफिलाइड होतं' एवढं एक वाक्य आहे, ते जर एका क्षणात होतं तर मग अडीच तास झाड कशाची वाट बघत बसतं?

बाभूळबन

अगं आधी एक सांगतो, ट्रे अ ची रीडिंग अजिबात फेकू नकोस. तीस वर्षं प्लांट फिजिऑलॉजी शिकवलंय, विद्यार्थ्याने 'सर हे चुकलं' म्हणून आणलेल्या वहीतच बऱ्याचदा खरी गोष्ट असते असा माझा अनुभव आहे.

उत्तर द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारतो, आठवून सांग. पहिला, सकाळी ट्रे बाहेर काढलेस तेव्हा ट्रे अ ची पानं आणि ट्रे ब ची पानं आकाराने सारखी होती का? रंगाचं नाही विचारत. अंधारातलं गव्हाचं पान सुरळीसारखं घट्ट गुंडाळलेलं राहतं. त्यातली एखाद्या ट्रेमधली सुरळी थोडी उलगडलेली होती का? फोटो काढले असशील तर मोठे करून बघ. दुसरा प्रश्न, आठ दिवसांत पाणी कधी कधी घातलंस आणि *कसं* घातलंस?

तोवर बाकीच्यांसाठी. हा प्रयोग आपल्याकडे घरोघरी दरवर्षी होतो, फक्त आपण त्याला प्रयोग म्हणत नाही. नवरात्रात घटाभोवती मातीत धान्य पेरतो, देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते नऊ दिवस वाढतं, आणि दसऱ्याला ते पिवळं धन उपटून टोपीत, कानावर, बायका केसांत खोचतात. ते पिवळं का असतं? पानातला पिवळा रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड, तयार करायला उजेड लागत नाही. तो तयार असतोच, एरवी हिरव्याखाली झाकलेला असतो इतकंच. हिरवा मात्र शेवटच्या दोन पायऱ्यांवर येऊन थांबलेला असतो. आमच्या घरी नंदादीप घटाच्या उजव्या बाजूला असायचा आणि त्या बाजूचे कोंब किंचित हिरवट असायचे, आई म्हणायची देवीचा हात त्या बाजूला आहे. त्या इवल्याशा समईच्या ज्योतीनेसुद्धा ही रिॲक्शन होते, एवढी ती नाजूक आहे. आणि विसर्जनाच्या वेळी घटाची माती बागेत किंवा तुळशीपाशी टाकली की त्यातले राहिलेले कोंब संध्याकाळपर्यंत हिरवे दिसायला लागतात, हे बघितलं असेल सगळ्यांनी.

पिवळीपात

सर, अंगावर काटा आला. फोटो मोठे करून बघितले. ट्रे ब मधली पानं अगदी सुरळी, सुईसारखी. ट्रे अ मधली वरच्या भागात उलगडलेली आहेत, पात चपटी दिसतेय. मी हे बघितलंच नव्हतं, नुसता रंगच बघत होते.

आणि पाणी. डार्करूममध्ये अंधारात चाचपडतच स्प्रे केला होता कारण तिथला दिवा चालत नाही. कपाटातल्या ट्रेला आदल्या रात्री नऊच्या सुमारास पाणी घातलं तेव्हा मोबाईलचा टॉर्च लावला होता. दहा-पंधरा सेकंद असेल फार तर. बाकी दिवस दोन्हीकडे अंधारातच. पण सर, पंधरा सेकंदांच्या टॉर्चने दुसऱ्या दिवशी सकाळी एवढा फरक पडेल? अकरा तास होते मध्ये.

बाभूळबन

पडेल. पडलाच की, तुझ्या वहीत आहे.

हे बघ, घोळ होतो तो इथे की आपण 'उजेडाचा परिणाम' म्हणून एकच गोष्ट धरतो. उजेड इथे दोन पूर्णपणे वेगळी कामं करतो आणि दोन्हींसाठी पानात वेगवेगळी यंत्रणा आहे. तुझ्या टॉर्चने दोन्ही कामं एकदम केली, म्हणून तुला दोन वेगवेगळ्या खुणा मिळाल्या, शून्य तासाला दिसलेलं क्लोरोफिल ही एक आणि गायब झालेला लॅग ही दुसरी.

पहिलं काम थेट. अंधारातल्या पानात प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचा रेणू थोडासा साठलेला असतो, क्लोरोफिलच्या अगदी एक पाऊल अलीकडचा. त्याच्या चौथ्या कड्यात, डी रिंगमध्ये, सी-१७ आणि सी-१८ यांच्यामध्ये एक डबल बाँड आहे, तो मोडून तिथे दोन हायड्रोजन बसवायचे, की क्लोरोफिलाइड तयार. हे करणारं एन्झाइम म्हणजे पीओआर, पूर्ण नाव एनएडीपीएच प्रोटोक्लोरोफिलाइड ऑक्सिडोरिडक्टेज. आता बाकीच्या एन्झाइमना काय लागतं, कच्चा माल, तापमान, झालंच तर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन. याला उजेड *लागतोच*. एन्झाइम, हायड्रोजन देणारा एनएडीपीएच आणि प्रोटोक्लोरोफिलाइड तिघं हातात हात घालून अंधारात बसून असतात, सगळी तयारी झालेली, आणि प्रकाशाचा कण पडल्याशिवाय काही होत नाही. पडला की क्षणाच्या इवल्याशा भागात काम होतं. तुझ्या टॉर्चने हेच झालं, त्यातून आलेल्या क्लोरोफिलाइडला रात्री अंधारातच फायटॉलची शेपटी जोडली गेली, त्या जोडणीला उजेड लागत नाही, आणि ते क्लोरोफिल तुला सकाळी शून्य तासाला दिसलं. कपाटाला फट नव्हती गं, तुझी तपासणी बरोबर होती.

दुसरं काम निरोप पोचवण्याचं. ते पीओआरशी संबंधित नाही, ते फायटोक्रोमचं, म्हणजे पानातल्या उजेड ओळखणाऱ्या प्रोटीनचं. फायटोक्रोम लाल उजेडाने, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, चालू होतं आणि ७३०च्या आसपासच्या फार-रेड, म्हणजे लालच्याही पलीकडच्या, उजेडाने परत बंद होतं. चालू झालं की ते पानाला सांगतं की आपण मातीतून वर आलोय, आता कारखाना उघडा. मग सुरळी उलगडते, क्लोरोफिलच्या सुरुवातीच्या पायऱ्यांची एन्झाइम वाढवायला घेतली जातात, क्लोरोफिल धरून ठेवणारी प्रोटीन वाढवायला घेतली जातात. याला वेळ लागतो, तास जातात, आणि ते तास म्हणजेच तुझा लॅग. ट्रे ब ने हे काम सकाळी आठला सुरू केलं. ट्रे अ ला निरोप आदल्या रात्री नऊलाच मिळाला होता, रात्रभर अंधारात त्याची तयारी झाली, त्यामुळे सकाळी उजेड आल्या आल्या त्याची गाडी सुटली. अंधारात वाढवलेल्या बीन्सच्या पानांना आधी थोडा मंद उजेड दाखवून काही तास परत अंधारात ठेवलं तर लॅग जातो, हे १९५६ सालीच विथ्रो, वुल्फ आणि प्राइस यांनी दाखवलं होतं. तू नकळत तोच प्रयोग केलास, तोही कंट्रोल ट्रेसकट!

आणि आठ दिवसांचं रोप घेतलंस म्हणून हे एवढं ठळक दिसलं. चार दिवसांचं कोवळं घेतलं असतंस तर लॅग मुळातच कमी असता. अंधारात जितकं जास्त दिवस ठेवू तितका तो लांबतो.

निशिगंध

बाभूळबन सर, किती सुंदर समजावलंत. मी जर्मनीत पोस्टडॉक करते, अरॅबिडॉप्सिस या लॅबमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावर, आणि रोज याच रस्त्यावर चालते म्हणून थोडी भर घालते, पिवळीपात तुला थिसिसमध्ये उपयोगी पडेल.

सर म्हणाले तिघं हातात हात घालून बसतात, ते कुठे बसतात ते बघण्यासारखं आहे. अंधारातल्या पानात क्लोरोप्लास्टच्या जागी इटिओप्लास्ट असतो, आणि त्याच्या मधोमध प्रोलॅमेलर बॉडी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ठिपक्यांची रांगोळीच आठवली, इतकी नियमित जाळी, ठिपके मोजून काढल्यासारखी. त्या जाळीतलं मुख्य प्रोटीन म्हणजे पीओआर. उजेड पडला की ही रांगोळी विस्कटते आणि तिच्यातूनच थायलॅकॉइडचे, म्हणजे क्लोरोफिल जिथे बसतं ते, पडदे निघायला लागतात. जाळीतलं प्रोटोक्लोरोफिलाइड ६५० नॅनोमीटरच्या आसपास उजेड शोषतं, आणि एन्झाइमला न चिकटलेलं सुटं असेल तर ६२८च्या आसपास. चिकटलेलं तेवढंच झटक्यात बदलतं. झालेल्या क्लोरोफिलाइडचं शोषण आधी ६८४च्या आसपास असतं आणि मग वीस-तीस मिनिटांत ते ६७२कडे सरकतं, याला शिबाता शिफ्ट म्हणतात, काझुओ शिबाता यांनी १९५७ मध्ये नोंदवलेलं. म्हणजे रेणू आपली जागा सोडून पुढच्या मुक्कामाला निघालाय ते पान न फोडता बाहेरून दिसतं. मला हे अजूनही फार भारी वाटतं.

आता तुझा प्रश्न, 'क्षणात होतं तर अडीच तास कशाची वाट'. क्षणात होतं ते फक्त *साठवलेल्या* मालाचं. आणि साठा मुद्दामच छोटा ठेवलेला असतो. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, टाकी भरली की चेंडू वर येतो आणि नळ बंद. इथे तसंच आहे. क्लोरोफिलची सुरुवात ग्लुटामेटपासून होते, त्यातून एएलए नावाचा छोटा रेणू बनतो, आठ एएलए एकत्र आले की क्लोरोफिलचं एक मोठं कडं. अंधारात प्रोटोक्लोरोफिलाइड वापरलं जात नाही, ते ठराविक पातळीला आलं की फ्लू नावाचं प्रोटीन मध्ये पडून ग्लुटामिल-टीआरएनए रिडक्टेज हे पहिलंच एन्झाइम अडवतं आणि एएलए बनणं थांबतं. उजेड पडला, टाकी रिकामी झाली, नळ सुटला. पण अंधारात आठ दिवस राहिलेल्या पानात तो नळच बारीक आहे, एन्झाइमच कमी आहे, आणि तयार होणारं क्लोरोफिल बसवायला प्रोटीनही नाही. फायटोक्रोमचा निरोप मिळाल्यावर नळ मोठा होतो. मोठा व्हायला लागणारे तास हाच लॅग.

आणि बॉलकॉक नसेल तर काय होतं? अरॅबिडॉप्सिसचा फ्लू म्युटंट आहे, म्हणजे फ्लू प्रोटीन बिघडलेलं रोप, २००१ मध्ये सापडलेला, त्याला हा अडसरच नाही. अंधारात त्याच्या रोपांत प्रोटोक्लोरोफिलाइड साठतच जातं. निळ्या उजेडाखाली धरली की ही रोपं लालभडक चमकतात, बाजूची साधी रोपं चमकत नाहीत. मग त्यांना उजेडात आणलं की हिरवी व्हायच्या ऐवजी पांढरी पडून मरतात! सुटं प्रोटोक्लोरोफिलाइड उजेड शोषतं पण त्याचं करायचं काय ते त्याला माहीत नाही, ती ऊर्जा ऑक्सिजनला जाते आणि सिंगलेट ऑक्सिजन, ऑक्सिजनचं जहाल रूप, तयार होऊन पान आतून जळतं. मी पहिल्या वर्षी एक पूर्ण प्लेट अशी अंधारातून थेट बेंचवर आणून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी सगळी रोपं गेलेली. बाहेरून एएलए पाजलं तर साध्या रोपांचंही असंच करता येतं, शास्त्रज्ञ रेबेइझ यांनी १९८४ मध्ये त्यावरून तणनाशकाची कल्पना मांडली होती. त्यांच्याकडे काम केलेले बैष्णब चरण त्रिपाठी पुढे दिल्लीला जेएनयूत होते, भारतात या विषयावरचं खूप काम त्यांचं आहे, पेपर काढून वाच.

एक कोडं सांगते, व्हायवात हमखास विचारतील. उजेड दिल्यावर पान हिरवं होत जातं, म्हणजे पीओआर वाढत असेल असं कोणालाही वाटेल. बार्लीत मोजलं तर उलटं, उजेडात पीओआर झपाट्याने *कमी* होतं, ते बनवायचा निरोप नेणारा एमआरएनएसुद्धा घसरतो. १९८०च्या आसपास हे दिसलं तेव्हा लोक चक्रावले होते, ज्याच्याशिवाय क्लोरोफिल होत नाही तेच एन्झाइम क्लोरोफिल वाढताना नाहीसं होतंय. नंतर कळलं की पीओआर एक नाही, अरॅबिडॉप्सिसमध्ये तीन आहेत. ए अंधारासाठी, भरपूर साठवलेलं, उजेड आला की जातं. बी अंधारातही असतं आणि उजेडातही टिकतं. सी उजेडातच वाढतं. शिवाय अंधारात एन्झाइम आणि माल एकास एक बांधून ठेवावे लागतात, उजेडात तसं नाही, तोच एन्झाइम रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे थोडं पुरतं. 'उजेड एन्झाइम वाढवतो' असं सरसकट लिहू नकोस, कुठलं एन्झाइम ते लिही.

ऊसकरी

सगळं वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं पण सोडवेना. मी सांगली भागातला, ऊस करतो. खोडवा ठेवला की पाचट न जाळता सरीत दाबतो आम्ही, तर पाचटाखालनं जे फुटवे येतात ते पांढरट-पिवळे येतात आणि पाचट बाजूला केलं की दोन दिवसात हिरवे. ते तुमच्या घटासारखंच झालं म्हणा की.

पण मग केवडा पडतो ते काय? आमच्या चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथं तर ऊन डोक्यावर आहे, उजेड कमी नाही. हिराकस फवारलं की सुधारतं. दोन्ही पिवळंच दिसतंय पण एक उजेडानं सुधारतं आणि एक हिराकसानं, असं कसं?

निशिगंध

दादा, हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे, खरंच.

क्लोरोफिल एका ओळीत बरीच एन्झाइम मिळून बनवतात, एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं असं. तुमच्या पाचटाखालच्या फुटव्यात शेवटून दुसरी पायरी अडलेली असते, पीओआरची, तिला उजेड हवा. केवड्यात त्याच्याही अलीकडची पायरी अडते. कड्यात मॅग्नेशियम बसवून झालं की त्याला एक पाचवं छोटं कडं जोडावं लागतं, आणि ते जोडणाऱ्या सायक्लेज एन्झाइमच्या पोटात लोह असतं. लोहाशिवाय ते चालत नाही, ऑक्सिजनही लागतो त्याला. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. मग प्रोटोक्लोरोफिलाइडच तयार होत नाही, ऊन कितीही असू दे, पीओआर रिकाम्या हाताने बसून राहतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ते पानावरून थेट लोह देतं म्हणून फरक पडतो. आणि जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे सहजासहजी सरकत नाही म्हणून केवडा नेहमी कोवळ्या पानांवर आधी.

अजून एक, सगळ्या झाडांना हा उजेडाचा नियम नाही. पाईनचं बी पूर्ण अंधारात रुजवलं तरी त्याची पहिली पानं हिरवी येतात. मी इथे करून बघितलंय, डबा उघडल्यावर आत हिरवीगार सुयांची छोटी छत्री. पाईनकडे, बऱ्याच शेवाळांकडे आणि सायनोबॅक्टेरियाकडे पीओआर आहेच, शिवाय अंधारात चालणारं दुसरं एन्झाइमही आहे, ते नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेजच्या नात्यातलं. ते एटीपी खातं आणि ऑक्सिजनला घाबरतं. फुलं येणाऱ्या झाडांनी ते पुढे सोडून दिलं. म्हणून गहू, ऊस, ज्वारी सगळ्यांना उजेडाची वाट बघावी लागते.

बाभूळबन

पिवळीपात, आता पुन्हा कर, पण मुद्दाम कर. चार ट्रे. एक पूर्ण अंधार. दुसऱ्याला आदल्या रात्री पाच मिनिटं लाल उजेड. तिसऱ्याला पाच मिनिटं लाल आणि लगेच फार-रेड. चौथ्याला नुसता फार-रेड. लाल साठी लाल एलईडी चालेल. फार-रेडला ७३०चा एलईडी मिळाला तर उत्तम, नाहीतर आम्ही करायचो तसं, साधा पिवळा तारेचा बल्ब आणि त्यावर लाल आणि निळा जिलेटिन पेपर दोन्ही एकावर एक, मध्ये पाण्याचा काचेचा ट्रे ठेव म्हणजे उष्णता लागणार नाही. पाणी घालताना कुठलाही दिवा नको, हिरवासुद्धा नको. हिरवा सेफलाईट, म्हणजे रोपावर परिणाम न करणारा, म्हणतात खरा, पण मी त्यावर फार विसंबत नाही.

लाल आणि मग फार-रेड दिलेल्या ट्रेमध्ये लॅग परत आला तर ते काम फायटोक्रोमचं. पण बघ, शून्य तासाचं थोडं क्लोरोफिल त्या ट्रेमध्येही असणार. फार-रेडने फायटोक्रोम मागे फिरतं, पीओआरने केलेलं काम मागे फिरत नाही. दोन कामं वेगळी आहेत हे या एका ट्रेमध्ये दिसेल.

आणि नुसत्या ६४५ आणि ६६३वर राहू नकोस. अर्नॉनचा फॉर्म्युला १९४९चा, पालकासारख्या हिरव्यागार पानासाठी बरा, पिवळ्या पानात प्रोटोक्लोरोफिलाइड ६४५च्या रीडिंगमध्ये घुसतं. ६०० ते ७०० पूर्ण स्कॅन काढ.

पिवळीपात

तीन आठवड्यांनी परत आलेय. ७३०चा एलईडी मिळाला नाही, जिलेटिन पेपरच वापरले, पाण्याचा ट्रेही ठेवला. गाईडना हा धागा दाखवला, त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाल्या चार ट्रेचंच कर मग.

अंधाराचा ट्रे, लॅग परत तसाच, अडीच-तीन तास. लालचा ट्रे, लॅग नाही, पानं उलगडलेली. लाल मग फार-रेड, लॅग आला, अंधाराच्या ट्रेपेक्षा थोडा कमी पण स्पष्ट आला, आणि पानं बहुतेक सुरळीच. आणि सर, त्याच ट्रेमध्ये शून्य तासाला क्लोरोफिल होतं! लालच्या ट्रेइतकंच जवळजवळ. नुसत्या फार-रेडचा ट्रे अंधारासारखाच वागला, लॅग किंचित कमी, कदाचित माझे जिलेटिन पेपर थोडा लाल उजेडही सोडत असतील.

एक गोष्ट मी जास्तीची केली, निशिगंध ताईचं वाचून राहवलं नाही म्हणून. पूर्ण अंधारातली पानं अंधारातच कापली, अंधारातच थंड ॲसिटोनमध्ये खलली, नळी फॉइलमध्ये गुंडाळून मशीनपर्यंत नेली. स्कॅनमध्ये ६२६च्या आसपास एक छोटासा उंचवटा, ६६३ला काहीच नाही, सपाट. मग त्याच ट्रेमधली बाजूची पानं, पाच सेकंद टॉर्च, लगेच ॲसिटोनमध्ये. ६२६चा उंचवटा बसलाय आणि ६६३ला नवा उभा राहिलाय. दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीला लावलेत. फक्त एक कळलं नाही, नवा उंचवटा जुन्यापेक्षा दुपटीहून जास्त उंच आहे. पाच सेकंदांत एवढं जास्तीचं कुठून आलं?

निशिगंध

जास्तीचं काही आलं नाही गं. रेणू तेवढेच आहेत. डी रिंगमधला तो एक डबल बाँड गेला की रेणू लाल उजेड कितीतरी जोरात शोषायला लागतो, म्हणून उंची वाढलेली दिसते. दोन्ही उंचींना आपापल्या एक्स्टिंक्शन कोएफिशियंटने, म्हणजे तो रेणू उजेड किती जोरात शोषतो त्या आकड्याने, भागून बघ, आकडे जवळ येतील. आणि ते दोन कागद थिसिसमध्ये पहिल्या आकृतीच्या जागी टाक.

पिवळीपात

भागले. जवळ आले ताई.